खुन्नस असू द्या, पण रीतसर

२०२४ च्या नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये झेंड्यांवरून गाजला. चॅपल हिलमध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेटने यजमान नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाला हरवलं, पाहुण्या खेळाडूंनी मैदानाच्या मधोमध आपला झेंडा रोवायला घेतला आणि दोन्ही संघ एकमेकांच्या अंगावर गेले. त्याच दिवशी टॅलाहासीत फ्लोरिडाच्या खेळाडूंनी फ्लोरिडा स्टेटच्या मैदानावर हाच उद्योग केला. दक्षिणेबाहेर, ओहायोत, तर पोलिसांनी मिरपुडीचा फवारा मारला. पुढे मे २०२५ मध्ये साउथईस्टर्न कॉन्फरन्सने, म्हणजे मुख्यतः दक्षिणेतल्या सोळा विद्यापीठांच्या क्रीडासंघटनेने, सामन्यानंतर प्रेक्षक मैदानात घुसले तर यजमान विद्यापीठाला दर वेळी पाच लाख डॉलर दंड ठरवला. तेव्हापासूनच्या वादात दोनच आवाज ऐकू येतात. एकाचं म्हणणं, ही टोळीबाजी आहे, विद्यापीठांना शोभत नाही, आवरा. दुसऱ्याचं म्हणणं, ही आमची परंपरा आहे, सगळं गमतीत चालतं, बाहेरच्यांनी नाक खुपसू नये.

दोघांचं एक गृहीत सारखंच आहे आणि तेच चुकीचं आहे. कॉलेजांमधली खुन्नस मुळातच विषारी किंवा मुळातच निरागस असते, असं दोघंही धरून चालतात. इतिहास तसं सांगत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतली ही वैरं जिथे मैत्रीची झाली, तिथे ती कुणीतरी बसून, वाटाघाटी करून, अटी ठरवून मैत्रीची केली. बहुतेक वेळा हे काम विद्यार्थ्यांनी केलं, आणि तेही रक्त सांडायची वेळ आल्यावर. म्हणून माझं म्हणणं असं, की या लढती बंदही करू नयेत आणि देव्हाऱ्यातही बसवू नयेत. त्या दरवर्षी न चुकता व्हाव्यात, त्यांचे विधी विद्यार्थ्यांच्या हाती राहावेत, आणि ज्या करारांमुळे त्या माणसांत आल्या ते करार जपावेत. आज धोका आहे तो या करारांनाच, आणि तो झेंडा रोवणाऱ्या पोरांपेक्षा वेळापत्रक आखणाऱ्यांकडून जास्त आहे.

ही भांडणं कुणाकुणात आहेत ते आधी पाहिलं पाहिजे. १८६२ च्या मॉरिल कायद्याने केंद्राची जमीन विकून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं काढायची सोय झाली. दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत त्यातून दोन संस्था समोरासमोर आल्या: वकील, डॉक्टर आणि आमदार घडवणारं जुनं विद्यापीठ, आणि शेतकऱ्यांच्या मुलांचं शेतकी कॉलेज. अलाबामासमोर ऑबर्न, मिसिसिपी विद्यापीठासमोर मिसिसिपी स्टेट, साउथ कॅरोलिनासमोर क्लेमसन, टेक्सससमोर टेक्सस ए अँड एम (‘ए अँड एम’ म्हणजे शेती आणि यंत्रविद्या). जॉर्जिया विद्यापीठासमोर उभं असलेलं जॉर्जिया टेक शेतकी नाही, अभियांत्रिकीचं आहे, पण तिढा त्याच जातीचा. एका राज्याच्या तिजोरीवर दोघांचा डोळा, एकाच विधानसभेत दोघांचे माजी विद्यार्थी. एकाने दुसऱ्याला ‘गाईगुरांचं कॉलेज’ म्हणायचं, दुसऱ्याने पहिल्याला चहा पिणारे नाजूकराव म्हणायचं, यामागे शंभर वर्षांचा वर्गकलह आहे. शिवाय अलाबामा, मिसिसिपी आणि साउथ कॅरोलिना या राज्यांत व्यावसायिक फुटबॉलचा राष्ट्रीय पातळीवरचा एकही संघ नाही. तिथल्या माणसाने निष्ठा वाहायची ती कॉलेजवरच. आणि वैरी राहतो कुठे? त्याच गल्लीत, त्याच चर्चमध्ये, पुष्कळदा त्याच घरात. या तिन्ही राज्यांत गाडीला फक्त मागची नंबरपाटी सक्तीची आहे, पुढची जागा मोकळी असते. तिथे अर्धी एका रंगाची, अर्धी दुसऱ्या रंगाची, ‘दुभंगलेलं घर’ असं लिहिलेली पाटी लावून नवरा-बायको सुखाने फिरतात.

हे सौहार्द आपोआप आलं का? १९०२ साली साउथ कॅरोलिनाच्या राजधानीत, कोलंबियात, काय झालं ते पाहा. साउथ कॅरोलिनाने क्लेमसनला १२–६ असं हरवलं. क्लेमसनचं बोधचिन्ह वाघ, साउथ कॅरोलिनाचं झुंजीचा कोंबडा. लोळवलेल्या वाघावर आरवणाऱ्या कोंबड्याचं चित्र विजेत्यांनी मिरवलं. क्लेमसन त्या काळी लष्करी शिस्तीचं कॉलेज होतं. तिथले कॅडेट तलवारी आणि संगिनी घेऊन चालून आले, आणि साउथ कॅरोलिनाचे विद्यार्थी हत्यारं घेऊन भिंतीआड दबा धरून बसले. एखादी गोळी सुटली असती तर आज या लढतीबद्दल कुणी कौतुकाने बोललं नसतं. मध्यस्थी झाली आणि दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींनी तोडगा काढला, की ते चित्र दोघांनी मिळून जाळायचं. मिळून जाळलं. तरीही सामने १९०९ पर्यंत बंद राहिले. नंतर मात्र ते इतके नेमाने झाले, की २०२० मध्ये महामारीनेच खंड पाडला. आता सामन्याआधीच्या दिवसांत दोन्ही कॉलेजांत रक्तदानाची स्पर्धा लागते. ज्यांचे पूर्वज एकमेकांचं रक्त काढायला निघाले होते ते आता रक्तपेढीसाठी बाटल्या मोजतात. हा विनोद तिथल्या विद्यार्थ्यांनाही कळतो, म्हणूनच तो टिकला आहे.

त्याहून बोलकं उदाहरण मिसिसिपीचं. १९२६ मध्ये स्टार्कव्हिलला मिसिसिपी विद्यापीठाने, म्हणजे ‘ओल मिस’ने, सलग तेरा पराभवांनंतर तेव्हाच्या मिसिसिपी ए अँड एमला, म्हणजे आजच्या मिसिसिपी स्टेटला, ७–६ असं हरवलं. हर्षवायू झालेले पाहुणे गोलचे खांब उपटायला धावले, यजमान खुर्च्या घेऊन धावले, आणि खुर्च्या माणसांच्या पाठीत मोडल्या. पुढच्याच वर्षी दोन्ही कॉलेजांच्या विद्यार्थ्यांनी ठरवलं, की विजेत्याला खांब हवेत ना, मग खांबांऐवजी दुसरं काहीतरी देऊ. दोघांनी खर्च वाटून घेऊन सोनेरी मुलाम्याचा एक फुटबॉल बनवला. तेव्हाचा फुटबॉल आजच्यापेक्षा गोलसर असल्याने तो अंड्यासारखा दिसतो, म्हणून ‘गोल्डन एग’, आणि पुढे सामन्याचंच नाव ‘एग बोल’. या करंडकाकडे तहनामा म्हणून पाहिलं की त्याची घडण लक्षात येते. वस्तू दोघांच्या मालकीची, म्हणून ती फोडण्यात कुणाला रस नाही. तिचा ताबा फक्त एका वर्षाचा, म्हणून हरणाऱ्याला पुढचं वर्ष आहे. आणि ती देण्याचा समारंभ दोन्ही कॉलेजांच्या देखत होतो, म्हणून सामना संपल्यानंतरच्या त्या धोक्याच्या पंधरा मिनिटांत लोकांना खांब उपटण्याखेरीज दुसरं काहीतरी पाहायला मिळतं. गर्दीच्या मानसशास्त्रावर ग्रंथ न वाचता विशीतल्या पोरांनी हे केलं.

अलाबामा आणि ऑबर्नची गोष्ट उलट्या बाजूने तेच सांगते. १८९३ मध्ये सुरू झालेली ही लढत १९०७ नंतर थांबली, कारण खेळाडूंच्या मुक्कामाचा भत्ता किती, संघात माणसं किती आणि पंच कुठला यावर एकमत होईना. किरकोळ पैशांचा वाद, अबोला एक्केचाळीस वर्षांचा! या काळात द्वेष विरला का? उलट तो इतका मुरला, की शेवटी विधानसभेला मध्ये पडावं लागलं. १९४८ मध्ये सामना पुन्हा ठरला तेव्हा त्या सकाळी दोन्ही विद्यार्थी संघटनांच्या अध्यक्षांनी बर्मिंगहॅमच्या एका बागेत खड्डा खणून त्यात खरीखुरी कुऱ्हाड पुरली; इंग्रजीत ‘कुऱ्हाड पुरणं’ म्हणजे वैर संपवणं. मग दुपारी अलाबामाने ५५–० असा निकाल लावला, पण जुळलेलं काही पुन्हा मोडलं नाही. आजची प्रथा तर फारच चतुर आहे. फुटबॉलमध्ये जिंकणाऱ्याला फॉय करंडक मिळतो, पण तो मैदानात देत नाहीत. त्याच शैक्षणिक वर्षात विजेत्याच्या घरच्या बास्केटबॉल सामन्याच्या मध्यंतरात तो दिला जातो, आणि हरलेल्या कॉलेजच्या विद्यार्थी अध्यक्षाला भरल्या सभागृहात विजेत्यांचं विजयगीत म्हणावं लागतं. सूर कसा लागतो हा वेगळा मुद्दा. पराभवाची किंमत ही अशी असते: मोजकी, ठरलेली, हसत चुकवण्याजोगी. आपल्याला काय भोगावं लागणार आणि ते कधी संपणार हे हरणाऱ्याला माहीत असेल, तर तो सूड घ्यायला कशाला जाईल?

आता विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा, आणि तो टाळून जाणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. ज्या ‘कॉलेजच्या अभिमाना’चे गोडवे गायले जातात, तो दशकानुदशकं फक्त गोऱ्यांचा होता. २९ सप्टेंबर १९६२ च्या रात्री जॅक्सनच्या स्टेडियममध्ये ओल मिसचा सामना चालू असताना मध्यंतरात गव्हर्नर रॉस बार्नेट मैदानात उतरले, आणि मिसिसिपीवर, तिथल्या लोकांवर आणि चालीरीतींवर आपलं प्रेम आहे असं त्यांनी गर्जून सांगितलं. झेंडे फडकले, स्टेडियम दुमदुमलं. दुसऱ्या रात्री जेम्स मेरेडिथ या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून ओल मिसच्या गावी, मिसिसिपीतल्या ऑक्सफर्डमध्ये, दंगल झाली आणि दोन माणसं मेली. त्या प्रेक्षकांत आणि त्या दंगलखोरांत काही संबंधच नव्हता, असं कुणी म्हणू शकेल का? कॉन्फेडरेट, म्हणजे यादवी युद्धात गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेचे झेंडे, त्याच दक्षिणेचं ‘डिक्सी’ हे गाणं, मळ्याच्या मालकासारखा दिसणारा ओल मिसचा शुभंकर ‘कर्नल रेब’ ही सगळी सामग्री स्टेडियममध्ये गमतीची म्हणूनच आणली जात होती. क्लेमसनची स्थापना ज्या चळवळीने रेटली तिचा पुढारी बेन टिलमन हा वर्णद्वेषाचा उघड पुरस्कर्ता होता. हे सगळं खरं आहे.

पण यातून निघणारा निष्कर्ष तपासला पाहिजे. अभिमान आणि त्याच्यावर चढवलेली प्रतीकं एकच असती, तर प्रतीकं काढल्यावर अभिमान कोसळायला हवा होता. तसं झालं नाही. १९९७ मध्ये ओल मिसने स्टेडियममध्ये काठ्या आणायला बंदी केली. कारण सुरक्षेचं सांगितलं, पण रोख झेंड्यांवर होता, आणि आग्रह फुटबॉल प्रशिक्षकांचा होता, कारण त्या झेंड्यांपुढे चांगले कृष्णवर्णीय खेळाडू यायला तयार नव्हते. २००३ मध्ये कर्नल रेब मैदानाच्या कडेवरून गेला, २०१६ मध्ये बँडने ‘डिक्सी’ वाजवणं थांबवलं. एग बोल तसाच चालू आहे. आणखी मागे जा. मार्च १९६३ मध्ये मिसिसिपी स्टेटचा बास्केटबॉल संघ राष्ट्रीय स्पर्धेला पात्र ठरला, तेव्हा कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या संघाशी खेळायचं नाही असा राज्याचा अलिखित नियम होता. कोर्टाचा मनाई हुकूम निघाला. संघ गुपचूप राज्याबाहेर पडला, मिशिगनमध्ये शिकागोच्या लोयोला विद्यापीठाच्या अशाच संघाशी खेळला आणि ५१–६१ असा हरून परत आला. काय त्यांना राज्याबाहेर घेऊन गेलं? समतेचा ध्यास प्रत्येकाच्या मनात होता असं मी म्हणणार नाही. आपल्या कॉलेजने मोठ्या मैदानात खेळावं ही हाव होती, आणि त्या दिवशी ती वर्णभेदाहून मोठी ठरली. जून २०२० मध्ये मिसिसिपीच्या राज्यध्वजावरचं कॉन्फेडरेट चिन्ह काढायची मागणी झाली, तेव्हा मिसिसिपी स्टेटच्या एका आघाडीच्या खेळाडूने हा ध्वज असेपर्यंत खेळणार नाही असं जाहीर केलं, आणि काही दिवसांतच एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे ओल मिस आणि मिसिसिपी स्टेटचे प्रशिक्षक एकत्र विधिमंडळात आमदारांना भेटायला गेले. १८९४ पासूनचा ध्वज त्याच महिन्यात उतरला.

दुसरी बाजू याहून महत्त्वाची आहे आणि या वादात तिला कुणी विचारतच नाही. ज्यांना या विद्यापीठांची दारं बंद होती त्यांनी आपली वैरं स्वतः उभी केली. लुइझियानात ग्रॅम्बलिंग आणि सदर्न या दोन कृष्णवर्णीय विद्यापीठांची ‘बायू क्लासिक’ १९७४ पासून त्या नावाने न्यू ऑर्लिन्सला होते, नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आठवड्यात. तिथे मध्यंतरात कुणी खायला उठत नाही, कारण खरा सामना तेव्हा असतो: सदर्नचा ‘ह्यूमन ज्यूकबॉक्स’ विरुद्ध ग्रॅम्बलिंगचा ‘वर्ल्ड फेम्ड’ बँड. आदल्या दिवशी तर बँडांची स्वतंत्र जुगलबंदी होते. बर्मिंगहॅमला अलाबामा ए अँड एम आणि अलाबामा स्टेट यांची ‘मॅजिक सिटी क्लासिक’ असते. माजी विद्यार्थी दूरदूरच्या शहरांतून कुटुंबासह येतात, आणि पुष्कळांना तिथे गुणसंख्या आठवत नाही, कुठल्या बँडने काय वाजवलं ते आठवतं. ‘दक्षिणेतला कॉलेजचा अभिमान म्हणजे गोऱ्यांचं स्मरणरंजन’ असं सरसकट म्हणणारा माणूस या हजारो लोकांना एका वाक्यात पुसून टाकतो.

इथे मुंबईची एक जुनी चर्चा आठवते. मुंबईत हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि ‘द रेस्ट’ असे धर्मवार संघ पेंटँग्युलर क्रिकेट खेळायचे आणि ब्रेबर्नवर पाय ठेवायला जागा नसायची. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी वर्ध्याला गांधीजींचं मत विचारायला गेले. धर्माधर्मांचे संघ त्यांना मुळीच पटले नाहीत, पण कॉलेजा-कॉलेजांतले, संस्थांतले सामने आपण समजू शकतो, असं त्यांनी सांगितलं. हा फरक नेमका आहे. जन्माने चिकटलेल्या ओळखीची लढत हरली तर माणूस दुसरीकडे जाऊ शकत नाही. कॉलेजची ओळख चार वर्षांची असते, बहीण तिकडे आणि भाऊ इकडे शिकू शकतो, मुलगी बापाच्या वैऱ्याकडे प्रवेश घेऊ शकते. स्पर्धा १९४६ नंतर बंद पडली. ती उत्तम क्रिकेट देत होती हे मान्य करूनही ती जायला हवीच होती. दक्षिणेतली कॉलेजं वंशाच्या भिंतीआड होती तोवर त्यांची खुन्नसही पेंटँग्युलरच्याच जवळची होती. भिंत पडल्यावर ती गांधीजींना समजू शकणाऱ्या बाजूला आली.

दुसरा आक्षेप हिंसेचा आणि दारूचा. अमेरिकेतल्या मोठ्या फुटबॉल विद्यापीठांवरचा २०१८ चा एक अर्थशास्त्रीय अभ्यास सांगतो, की सामन्याच्या दिवशी १७ ते २४ वयाच्या तरुणींवरील बलात्काराच्या नोंदी सुमारे २८ टक्क्यांनी वाढतात. हा आकडा वाचून ‘पोरं जरा दंगा करतात’ म्हणणाऱ्याला लाज वाटली पाहिजे. पण तो कशाकडे बोट दाखवतो? सकाळपासून चालणाऱ्या पिण्याच्या पार्ट्यांकडे. या प्रश्नावर उपाय आहेत ते दारूचे, पोलिसांचे, तक्रार गंभीरपणे घेणाऱ्या कुलसचिवाचे. आणि इथे विद्यापीठांचं ढोंगही दिसतं: साउथईस्टर्न कॉन्फरन्सने २०१९ मध्ये सर्वसाधारण प्रेक्षागारात दारूविक्रीला परवानगी दिली. एका हाताने बिअर विकायची आणि दुसऱ्या हाताने मैदानात धावणाऱ्यांना दंड करायचा.

ऑबर्नच्या झाडांचं उदाहरण नेहमी दिलं जातं. २०१० मध्ये ऑबर्नने ०–२४ अशा पिछाडीवरून अलाबामाला २८–२७ असं हरवलं. विजय झाला की गावातल्या टूमर्स कॉर्नर या चौकातल्या दोन ओक वृक्षांवर टॉयलेट पेपरची भेंडोळी उधळायची ही ऑबर्नची रीत. अलाबामाच्या एका चाहत्याने त्या झाडांच्या मुळाशी ‘स्पाइक’ नावाचं तणनाशक ओतलं आणि जानेवारी २०११ मध्ये रेडिओवर फोन करून फुशारकी मारली. हे औषध मुळांतून वर चढतं आणि पानांचं अन्न बनवणं बंद पाडतं. झाड पानं गाळतं, साठ्यातून नवी पालवी काढतं, तीही जळते, असं करत साठा संपतो. शिवाय ते मातीत फार काळ टिकतं. माती उपसली, कोळशाची भुकटी घातली, खोडात साखरेचं द्रावण सोडलं. काही उपयोग झाला नाही. २०१३ मध्ये झाडं तोडली. हा माणूस अलाबामात कधी शिकलेलाच नव्हता. यावरून न शिकलेले चाहते वाईट असा अर्थ कुणी काढू नये. तिथले निम्मे चांगुलपणाचे विधीसुद्धा अशाच चाहत्यांच्या जिवावर चालतात. मुद्दा एवढाच, की तो कुठल्याच करारात नव्हता, त्याला आवरणारं कुणी नव्हतं. करारातले लोक काय करत होते? अलाबामाच्या चाहत्यांनी ‘टाइड फॉर टूमर्स’ नावाने झाडांसाठी पैसे जमवले. आणि २७ एप्रिल २०११ ला टॉर्नेडोने अलाबामा विद्यापीठाचं गाव टस्कलूसा उद्ध्वस्त केलं, तेव्हा ऑबर्नच्या लोकांनी ‘टूमर्स फॉर टस्कलूसा’ उभं करून गाड्या भरभरून सामान अलाबामाच्या दारी नेलं. विषप्रयोग उघड होऊन तीन महिनेही झाले नव्हते.

मला स्वतःला सर्वांत अवघड जातं ते टेक्ससचं प्रकरण. टेक्सस विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याआधी ए अँड एमचे विद्यार्थी लाकडांचा प्रचंड बॉनफायर, म्हणजे होळी, रचायचे. १९६९ मध्ये तो १०९ फुटांवर गेला, मग ५५ फुटांची मर्यादा आली. १८ नोव्हेंबर १९९९ च्या पहाटे २ वाजून ४२ मिनिटांनी ५९ फुटांची ती रास कोसळली. बारा जण मेले, सत्तावीस जखमी झाले. चौकशीत कारणं निघाली ती कुणाही स्थापत्य अभियंत्याला दोन मिनिटांत समजतील अशी. रास टप्प्याटप्प्यांची होती, आणि दुसऱ्या टप्प्याचे ओंडके पहिल्या टप्प्यात पाचरीसारखे ठोकले होते, त्यामुळे खालच्या ओंडक्यांवर बाहेर ढकलणारा दाब आला. तो दाब धरायला पूर्वी पोलादी दोर गुंडाळत, त्या वर्षी ते नव्हते. होती ती फक्त बांधायची तार. आणि लाकडांचं वजन तर प्रचंड होतं. आणि हे सगळं अभियांत्रिकीसाठी नावाजलेल्या विद्यापीठात. आयोगाने तांत्रिक कारणांइतकंच बोट संस्थेच्या मनोवृत्तीकडे दाखवलं: परंपरेवरच्या प्रेमाने धोका दिसेनासा झाला. अभिमान आंधळा करतो हा आरोप इथे अक्षरशः खरा ठरला. बॉनफायर विद्यापीठाच्या आवारात परत न आणण्याचा निर्णय म्हणूनच योग्य आहे. आवाराबाहेर काही विद्यार्थी आजही तो रचतात, पण त्यात प्रत्येक ओंडका जमिनीला टेकलेला असतो, म्हणजे पाचर ठोकण्याचा प्रश्नच येत नाही.

तरीही वैराचा हिशेब करताना पुढचा आठवडा वगळता येत नाही. टेक्सस विद्यापीठाच्या गावी, ऑस्टिनमध्ये, ए अँड एमला शाप द्यायची जी ‘हेक्स रॅली’ व्हायची तिच्या जागी मेणबत्त्या लावून सभा झाली. सामन्याच्या मध्यंतरात टेक्ससच्या बँडने ‘अमेझिंग ग्रेस’ आणि मृतांना मानवंदना देणारी ‘टॅप्स’ वाजवली, टोप्या काढल्या आणि शांतपणे मैदान सोडलं. ए अँड एम २०–१६ असं जिंकलं. परक्याने वाहिलेली श्रद्धांजली आणि शंभर वर्षांच्या वैऱ्याने वाहिलेली, दोन्हींचं वजन सारखं असतं का?

आणि हीच लढत २०११ नंतर बंद पडली. कशामुळे? हिंसा नव्हे, द्वेष नव्हे. टेक्ससला ईएसपीएनकडून स्वतःची वाहिनी मिळाली, वीस वर्षांचा तीस कोटी डॉलरचा करार झाला, ए अँड एमला ते खपलं नाही, आणि ते साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये निघून गेले. २०१२ ते २०२३ असे बारा हंगाम गेले. या काळात चिडवाचिडवी थांबली का? ए अँड एमचे विद्यार्थी टेक्ससच्या बोधचिन्हाची, लांबशिंगी बैलाची, शिंगं करवतायचं गाणं प्रत्येक सामन्यात गातच राहिले, समोर भलताच संघ असला तरी. शिव्या राहिल्या, त्यांचा हिशेब चुकता करणारा दिवस गेला. ३० नोव्हेंबर २०२४ ला, म्हणजे झेंड्यांच्या त्याच शनिवारी, टेक्ससने ए अँड एमच्या गावी, कॉलेज स्टेशनला, १७–७ असं जिंकून ती पुन्हा सुरू केली. त्यासाठी टेक्ससलाही त्याच कॉन्फरन्समध्ये यावं लागलं, आणि ते आले तेही पैशांसाठीच. लढत परतली हा त्याचा आनुषंगिक फायदा.

‘आता खेळाडू पगारी झाले, दरवर्षी कॉलेज बदलतात, मग कसला अभिमान?’ हा तिसरा आक्षेप. जून २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर एक विद्यापीठ खेळाडूंना वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत थेट देऊ शकतं, हे खरं. खेळाडूंना त्यांच्या घामाचे पैसे मिळताहेत यात मला काही वाईट दिसत नाही. उशीरच झाला. पण खुन्नस खेळाडूंची कधीच नव्हती. ती बँडवाल्यांची, बेंचवर उभं राहून घसा फोडणाऱ्यांची, अन्नधान्य गोळा करायच्या स्पर्धेत डबे मोजणाऱ्यांची आहे. अलाबामा आणि ऑबर्नमध्ये ती स्पर्धा १९९४ पासून चालते. जॉर्जिया टेकच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला एक पिवळी टोपी मिळते. तिच्यावर त्याने प्रत्येक सामन्याचा गुणफलक लिहायचा, जिंकलेला सुलटा, हरलेला उलटा, आणि मागच्या बाजूला जॉर्जिया विद्यापीठाने नरकात जावं ही सदिच्छा. खेळाडू गेला, टोपी राहिली.

एमएस करायला जॉर्जिया टेक, ए अँड एम, क्लेमसन अशा ठिकाणी जाणाऱ्या मराठी मुलांना ही टोपी मिळत नाही, कारण ती पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी असते. त्यामुळे आपल्याकडे या सगळ्याकडे ‘शिकायला गेलेत की ओरडायला’ अशा नजरेने पाहिलं जातं. ज्यांनी भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी ‘अरे, आवाज कुणाचा’ म्हणत छप्पर उडवलं त्यांनी तरी हे म्हणू नये.

मग मैदानात घुसणाऱ्यांचं काय करायचं? याच कॉन्फरन्सने एकदा शहाणपणा दाखवलेला आहे. मिसिसिपी स्टेटचे प्रेक्षक गुरांच्या गळ्यातल्या घंटा वाजवतात. १९७४ मध्ये कृत्रिम आवाजावर बंदी आली, आणि घंटा छत्तीस वर्षं लपूनछपून आत येत राहिल्या. २०१० मध्ये तडजोड झाली: घंटा आणा, पण चेंडू खेळात यायच्या बेताला संघ रांगेत उभे राहिले की हात थांबवा. गुण झाल्यावर, विश्रांतीत, मध्यंतरात हवं तेवढं वाजवा. नियम मोडला तर दंड. विद्यार्थी स्वतःच शेजाऱ्याचा हात धरू लागले. मैदानात धावण्याचंही असंच करता येईल. पाहुणा संघ, त्यांचा बँड आणि पंच बाहेर पडेपर्यंत दहा मिनिटं कठड्यावर दोर, मग घंटा वाजवून मैदान खुलं. दहा मिनिटं पाळली नाहीत तर दंड. आजच्या नियमात मात्र कॉन्फरन्समधल्या सामन्याचा दंड हरलेल्या पाहुण्या विद्यापीठाच्या खात्यात जातो. विद्यार्थ्याने भिंतीवरून उडी मारायची आणि त्याच्या विद्यापीठाने वैऱ्याला पाच लाख डॉलर द्यायचे. याने खुन्नस कमी होईल असं ज्याला वाटलं, त्याने एकदाही विद्यार्थ्यांच्या बाकांवर बसून सामना पाहिलेला नसावा.

यापेक्षा मोठी गोष्ट वेळापत्रकात घडते आहे. २०२६ पासून साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये नऊ आपसांतले सामने होतील. प्रत्येक संघाला तीन कायमचे प्रतिस्पर्धी मिळतील, पण त्यांचा दर चार वर्षांनी फेरविचार होईल. एग बोल किंवा ऑबर्न-अलाबामा यांचा फेरविचार कसला करायचा? आणि क्लेमसन-साउथ कॅरोलिना, जॉर्जिया-जॉर्जिया टेक, फ्लोरिडा-फ्लोरिडा स्टेट या लढती तर दोन वेगळ्या कॉन्फरन्समधल्या. त्यांना त्या यादीत जागाच नाही, आणि आपसांतले सामने वाढले की पहिली कुऱ्हाड अशाच सामन्यांवर पडण्याचा मोह होतो. त्यांच्यासाठी दोन विद्यापीठांनी थेट पंचवीस-तीस वर्षांचे करार करावेत, तारीख थँक्सगिव्हिंगच्या आठवड्याला बांधून टाकावी, सामना एकतर्फी रद्द करणाऱ्याला इतका दंड लावावा की वाहिनीच्या पैशांतूनही तो परवडू नये, आणि कुलगुरूंच्या सहीखाली दोन्ही विद्यार्थी संघटनांच्या अध्यक्षांची सही घ्यावी. तो दंड मात्र समोरच्या विद्यापीठाला न देता दोन्ही गावांच्या रक्तपेढ्यांत आणि अन्नछत्रांत निम्मा निम्मा वाटावा.